नक्षी पाहून घेतलेला शिकारीचा चाकू

डाव्या तळहाताचे टाके कधीच निघाले, मूठही पुन्हा नीट आवळता येते, आणि आता हे लिहायला बसलोय. अमेरिकेत येऊन माझ्यासारखे उशिरा हरणाच्या शिकारीला लागलेले आपले काही लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी मी चाकू घ्यायला उभा राहिलो त्या टेबलापाशी पाकीट उघडू नये, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, गेली बारा वर्षं विस्कॉन्सिनमध्ये. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, त्यामुळे घरात कुणाकडून काही शिकण्याचा प्रश्नच नव्हता. इथे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. ऑफिसातल्या एका वयस्क सहकाऱ्याच्या नादाने मी सुरक्षेचा कोर्स केला, परवाना काढला, भडक नारिंगी जॅकेट घेतलं. बंदूक त्यानेच निवडून दिली. चाकू मात्र मी घेतो म्हटलं. घरी मटण साफ करणारा माणूस मी, चाकू तर आपल्याला कळतो, असं मनात होतं.

हंगामाला तीन आठवडे असताना एका गन शोमध्ये गेलो. मोठ्या हॉलमध्ये टेबलं भाड्याने घेऊन लोक माल मांडतात. एका टेबलावर नुसते चाकू. पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, पितळेचे पट्टे, हाडाची मूठ, चामड्याचं म्यान. विक्रेता पन्नाशीतला, बोलायला फार गोड. "तुम्ही भारतातले का?" त्याने विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाला, "मग हे तुमचंच पोलाद. दमास्कसच्या तलवारी भारतातल्या पोलादाच्या असायच्या. ती विद्या आम्ही पुन्हा जिवंत केलीय."

यातलं अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यानेच मला गाफील केलं. दक्षिण भारतात, आजच्या तेलंगणात आणि तमिळनाडूत, बंद मुशीत लोखंड वितळवून वुट्झ पोलाद करत. त्याच्या वड्या पश्चिम आशियात जात आणि तिथे त्यांच्या तलवारी घडत. त्या पोलादातली नक्षी त्याच्या आतलीच असायची. आज बाजारात दमास्कस म्हणतात ते वेगळं. दोन जातींचं पोलाद, बहुधा १०९५ आणि निकेल असलेलं १५एन२०, थरावर थर ठेवून भट्टीत तापवतात, ठोकून एकजीव करतात आणि शेवटी आम्लात बुडवतात. निकेलचा थर चकाकत राहतो, दुसरा काळवंडतो. चांगल्या लोहाराच्या हातचं असं पातं उत्तमच असतं आणि त्याची किंमतही तशीच असते. पण वुट्झशी त्याचं नातं फक्त नावाचं. हे सगळं मी नंतर वाचलं.

चिठ्ठीवर ३५० डॉलर लिहिले होते. शेवटचा नग म्हणून मला १८० ला दिला, रोख. सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र: हाताने घडवलेला, २५६ थर. त्यावर घडवणाऱ्याचं नाव नाही. पात्यावर शिक्का नाही. पोलाद कुठलं विचारलं तर "हाय कार्बन" एवढंच उत्तर. कडकपणा किती, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

पहिल्याच शनिवारी सकाळी एक हरणी पडली. थंडी शून्याखाली सहा अंश होती, तरी जनावर आतून गरम असतं, आतडी लवकर काढून मांस गार करावं लागतं. पोटाची कातडी उचलून धरायची, दोन बोटांच्या मधे चाकूचं टोक ठेवायचं, धार वर करायची आणि आतड्याला न टोचता छातीपर्यंत उलगडत जायचं. मग छाती आणि पोटामधला पडदा कापून हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि श्वासनळी चाचपून कापायची. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांवर. माझं पातं सहा इंचांचं. टोक कुठे पोचलंय ते बोटांना कळेना. आतडं टोचलं गेलं, घाण पसरली, आणि पाठीच्या कण्याला आतून चिकटलेलं सगळ्यात कोवळं मांस टाकून द्यावं लागलं. त्या जनावराचा जीव आपण घेतलाय, त्याचं मांस असं वाया जाणं मला अजून खातं.

धार तर छातीच्या कुर्चांपर्यंत पोचेतोवरच गेली. नखावरून हलकेच फिरवली तर एका बाजूला वळलेली स्पष्ट जाणवत होती. बोथट झालं म्हणून मी जोर लावला, आणि मूठ पात्याभोवती फिरली. हाडाची एक बाजू सुटून हातात आली, रक्ताने ओला उजवा हात पुढे घसरला, आणि छाती फाकवून धरलेल्या डाव्या हातात पातं शिरलं. रबरी हातमोजा चिरून तळहातात. चार टाके पडले. उरलेलं काम सहकाऱ्याने त्याच्या साध्या, साडेतीन इंची चाकूने दहा मिनिटांत उरकलं आणि मला डॉक्टरकडे नेलं.

जखमेपेक्षा वाईट गेले ते पुढचे दिवस. इथल्या हरणांमध्ये २००२ पासून मेंदू पोखरणारा एक रोग आढळतो, सीडब्ल्यूडी म्हणतात त्याला. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी हातमोजे घाला, मेंदू आणि कणा कापू नका, मांस तपासल्याशिवाय खाऊ नका, असं सांगितलं जातं. माझ्या हरणीचं रक्त तर थेट माझ्या जखमेत गेलेलं. डोकं तपासणीला दिलं. निकाल येईपर्यंत बायको रात्रभर जागी असायची. रोग आढळला नाही, म्हणून सुटलो.

नंतर चाकू बनवणाऱ्या एका कारागिराकडे तो नेला. त्याने आधी धारेवर कानस ओढली. नीट पाणी पाजलेल्या पोलादावरून कानस नुसती घसरते, इथे ती लोण्यात रुतावी तशी रुतली. ते पाहिलं आणि मला आमच्या गावात येणारा शिकलगार आठवला. विळी हातात घेतली की तो आधी हेच करून बघायचा. आम्ही पोरं समोर बसून ते बघायचो, आणि इथे १८० डॉलर मोजताना मला त्याची आठवणही झाली नव्हती. मग कारागिराने सँडपेपरने पात्याचा एक कोपरा घासला. नक्षी गेली. ती तशी जातेच, खऱ्या थरांच्या पात्यावरचीही जाते. पण आम्लात बुडवल्यावर खरी नक्षी परत उमटते. माझ्या पात्याचा तो कोपरा त्यासाठी वापरतात त्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणातून बाहेर आला तो सपाट, एकसारखा करडा. एकाच मऊ पोलादावर वरवर कोरलेलं चित्र होतं ते. शेवटी मूठ फोडली. पात्याची मुठीत जाणारी शेपटी जेमतेम दीड इंच, बाकी गोंद.

पात्याची शेपटी बारीक असणं हा मुळात दोष नाही. फिनलंडच्या पुक्को चाकूची शेपटी बारीकच असते, पण मुठीतून खोलवर जाते आणि पक्की बसते. पण आत काय आहे ते दिसणार नसेल, तर नवख्याने मुठीच्या दोन्ही कडांना पोलाद दिसणारा, पात्यापासून शेवटापर्यंत एकसंध असलेला चाकूच घ्यावा. पातं साडेतीन ते चार इंच, पाठ टोकाकडे हळूहळू उतरती. पोलादाचं नाव लिहिलेलं हवं. साधं ४२०एचसी असलं तरी चालतं, नीट पाणी पाजून कडकपणा रॉकवेल मापावर ५८ च्या आसपास आणलेला असेल तर एक हरीण सहज निघतं. हाडाची, पितळेच्या पट्ट्यांची मूठ नकोच. फटींत रक्त अडकतं, धुऊन निघत नाही. माझ्या नव्या चाकूची मूठ खरबरीत रबराची आणि नारिंगी आहे, पानांत पडला तरी दिसतो.

पैसे परत मिळाले नाहीत. चिठ्ठीवरचा फोन बंद. ग्राहक तक्रारीच्या अर्जात विक्रेत्याचं नाव, पत्ता भरायचा होता, आणि माझ्याकडे पावतीसुद्धा नव्हती. कार्डाने पैसे दिले असते तर बँकेकडे दाद मागता आली असती. रोखच हवी म्हणणाऱ्यापुढे मी तिथेच थांबायला हवं होतं.

गेल्या मार्चमध्ये दुसऱ्या गावच्या शोमध्ये तो मला पुन्हा दिसला. टेबलावरची पाटी वेगळी, प्रमाणपत्रं तीच, सोनेरी किनारीची. एक बाप आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी चाकू बघत होता, नोटा हातात काढलेल्या. माझं फोडलेलं पातं आणि मूठ गाडीत होती. ती आणून मी टेबलावर, त्याच नक्षीच्या चाकूशेजारी ठेवली. विक्रेता म्हणाला, "हा माझा माल नाही." मुलाने दोन्ही पाती उचलली, उजेडात शेजारी शेजारी धरली आणि बापाला दाखवली. नोटा पाकिटात परत गेल्या.