जुनी रेसर सायकल: चाकं-ब्रेकच बदलायचे की गिअरही?

घरात काकाची जुनी लोखंडी रेसर पडून आहे, फ्रेम ठणठणीत आहे, तर वाटा दोन. एक, चाकं आणि ब्रेक नवे, गिअरचे लिव्हर फ्रेमच्या खालच्या दांडीवरचे जुनेच. दुसरी, ब्रेकच्या लिव्हरमधूनच गिअर पडणारा ११ गिअरचा पूर्ण सेट. वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात राहत असाल तर माझं मत पहिल्या वाटेला.

खरा फरक चाकांनीच पडतो. स्टीलची रिम पावसात ओली झाली की ब्रेक नुसता दाबत बसा! अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर सायकल मुकाट थांबते. जुनी २७ इंची रिम टायर बसतो तिथे ६३० मिमी व्यासाची, आजची ७००सी मापाची ६२२ची. म्हणजे ब्रेकचे रबर ४ मिमी खाली यायला हवेत. जुना ब्रेक तेवढा पुरत नसेल तर लांब हाताचा ड्युअल पिव्हट (दोन खिळींवर फिरणारा) ब्रेक घ्या, पण आधी फोर्कला ब्रेक बसतो त्या भोकापासून रिमच्या कडेपर्यंत माप घ्या. चाक लहान झाल्याने बहुतेकदा जाड टायरला जागा होते. पांदण रस्त्याला ते हवंच. बाभळीचे काटे मात्र कोणत्याच मापाला जुमानत नाहीत.

मागच्या फोर्कची रुंदी ५ गिअरच्या सायकलला साधारण १२० मिमी, ६-७ गिअरला १२६. ८ ते ११ गिअरच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, १३० लागते. १२६चा फोर्क हाताने फाकवूनही चाक बसतं. १२० असेल तर मिस्त्रीकडून वाकवून घ्या. मग मागचं चाक अडकतं त्या एका टोकापासून फ्रेमच्या पुढच्या, हँडल ज्यात बसतं त्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडे अंतर सारखं भरलं पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा उद्योग करूच नका.

आता गिअर. दांडीवरचा बिनखटक्याचा लिव्हर ८ गिअरची कॅसेटही (मागच्या दातेरी चक्रांचा संच) चालवतो. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जिथे बसतो तो हँगर जरा वाकला तरी अंदाजाने गिअर पडतो, आणि तार तुटली तर गावातला सायकलवाला ती बदलून देतो. नव्या सेटमध्ये लिव्हर, डिरेलर, कॅसेट, चेन सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. लिव्हरच्या आतलं काही बिघडलं की नागपूर गाठा, तिथेही बहुधा अख्खा लिव्हरच बदलतात.

ज्याला २०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब सायकलफेरी) उतरायचंय, हँडलवरून हात काढायचा नाही, त्याने दुसरी वाट खुशाल धरावी. हँडल धरून ठेवणारा जुना स्टेम मात्र दोन्ही वाटांना तसाच चालतो, त्यावर पैसे घालू नका.