दमट हवेत गिटारला एनसी लॅकर: श्रावण ते आषाढ वापरून झाल्यावर

लॅकर मारलं श्रावणात, मालवणच्या किनाऱ्यालगत. हे लिहितोय पुढच्या आषाढात. गिटार अकूस्टिक, टॉप स्प्रूसचा, पाठ, बाजू आणि नेक महोगनीची. खाली एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर, वर एनसी क्लियर ग्लॉस. निकाल आधीच सांगून टाकतो: बॉडीवर उत्तम, नेकवर पुन्हा मारणार नाही.

पावसाळ्यात लॅकर पांढरं पडतं हे इथल्या कुठल्याही पॉलिशवाल्याला ठाऊक असतं, फक्त खापर पावसावर फुटतं. खरा हिशेब दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं त्याचा आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतं. हवा 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू 27 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे ओला थर तीनेक अंशांनी गार झाला की हवेतलं पाणी त्यावर बसलंच. ते आत शिरलं की नायट्रोसेल्युलोज नासक्या दुधासारखं फाटतं आणि थर धुरकट दिसतो. तीच आर्द्रता 60 टक्के असेल तर दवबिंदू 21 वर उतरतो आणि आठ-नऊ अंशांची मोकळीक मिळते. म्हणून उघडीप पडली का, यापेक्षा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) काय दाखवतो ते बघा. दिवाळीनंतरही गाफील राहू नका. सूर्य कलल्यावर दव पडायला लागतं आणि संध्याकाळी मारलेला हात (थर) पांढरा पडतो. सकाळी अकरा ते दुपारी तीन, एवढीच वेळ भरवशाची.

पावसातच काम उरकायचं असेल तर खोली तापवा. आत नवी ओल आली नाही तर 30 अंशांची हवा 34 वर नेल्यावर 85 टक्क्यांची आर्द्रता 68 पर्यंत येते. गिटारही त्याच खोलीत आधी काही तास ठेवा, म्हणजे लाकूड ऊबदार राहतं. हीटर मात्र बंद करून बाहेर नेल्यावरच थिनरचा डबा उघडायचा. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. शेजारच्या खोलीतला फ्रिज, इन्व्हर्टर किंवा देवघरातली समई पेट घ्यायला पुरेशी आहे. मास्क ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा हवा, फडकं बांधून भागत नाही.

मिश्रण: लॅकर 500 मिली, थिनर 500 मिली, त्यात रिटार्डर (थिनर सावकाश उडावं म्हणून घालायचं द्रावण) 50 मिली. हवा फारच कोंदट असेल तर 100 मिली, त्यापुढे नाही. थिनर चांगल्या प्रतीचं एनसीचंच घ्या. स्प्रे गन धुवायच्या स्वस्त थिनरमध्ये बऱ्याचदा पाण्याचा अंश असतो, मग कितीही रिटार्डर घाला, पांढरेपणा जात नाही. नोझल 1.4 मिमी, दाब 30 पीएसआयच्या आसपास, अंतर सहा ते आठ इंच. प्रत्येक हातापूर्वी कंप्रेसरच्या टाकीचा कॉक उघडून पाणी काढायचं आणि गनजवळ वॉटर ट्रॅप लावायचा. पावसाळ्यात टाकीत किती पाणी साचतं ते एकदा बघितलं की हे सांगावं लागत नाही. कोरड्या दिवसांत रोज तीन पातळ हात चालतात, पावसात दोनच. एकूण दहाएक हात पुरतात.

तरी पांढरं पडलंच तर घोटायला बसू नका. दुसऱ्या दिवशी थिनर आणि रिटार्डरचा हलका फवारा मारा. थर वरून विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं. खालच्या थरातला पांढरेपणा तसाच ठेवून वर लॅकर चढवलं, तर तो कायमचा आत राहतो.

रिटार्डरची किंमत वाळण्यात मोजावी लागते. महिन्याभरात घोटता येतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. इथे सहा आठवडे धरा. पृष्ठभागाला नाक लावल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून कच्चं आहे. घाईने घोटून आरशासारखी चमक काढलेल्या पाठीवर पुढच्या काही महिन्यांत महोगनीची छिद्रं पुन्हा दिसू लागतात, कारण सॉल्व्हंट उडत राहतं आणि थर आत बसत जातो. या गिटारच्या पाठीवर तिरप्या उजेडात ते दिसतं. स्प्रूसचा टॉप मात्र सपाट आहे, त्याला छिद्रंच नाहीत. 800 ते 2000 पेपर पाण्याने मारू नका. साउंडहोलच्या कडेला आणि खिळ्या-स्क्रूंच्या भोकांत लाकूड उघडं असतं, ते पाणी पिऊन फुगतं. मिनरल टर्पेंटाइनचे थोडे थेंब पुरतात.

आता नेक. आषाढातल्या घामाने ग्लॉस लॅकर चिकट होतं, अंगठा सरकत नाही. ग्रे स्क्रबरने चमक मारली की निम्मं बरं वाटतं. नव्याने करायचं झालं तर नेकला टंग ऑइलचे पातळ हात द्यावेत. दुसरी कटकट स्टँडच्या रबराची: त्यातलं प्लॅस्टिसायझर लॅकर मऊ करतं आणि टेकलेल्या जागी कायमचा ठसा उठतो. सुती कापड गुंडाळल्याशिवाय स्टँडवर टेकवू नका.

लॅकरने टॉप फुगायचा थांबेल ही अपेक्षाही नको. आतलं लाकूड उघडंच असतं. पावसाळ्यात टॉप वर येतो, ॲक्शन (तारांची उंची) वाढते. केसमध्ये सिलिका जेल टाकून आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवली तरच फरक पडतो, आणि इथे ते जेल भराभर ओलं होतं, पुन्हा पुन्हा भाजून घ्यावं लागतं.

मग पीयू (पॉलियुरेथेन) का नाही? हार्डनरमधलं आयसोसायनेट ओल लागली की कार्बन डायऑक्साइड सोडतं, थरात बारीक बुडबुडे येतात आणि ते विरघळवून काढता येत नाहीत. एनसीचा नवा हात जुन्यात मिसळतो. ब्रिजखाली पडलेला ओरखडा लॅकरचा थेंब भरून, वाळवून, घोटला. आता जागा शोधावी लागते.