टीम फोर्ट्रेस २: नांदेडच्या नेटवर कुठल्या क्लासला कुठलं हत्यार
२००७ चा, दोन संघांनी एकमेकांवर गोळ्या झाडायचा गेम, २०११ पासून फुकट, जुन्या पीसीवरही चालतो. क्लास (खेळाडूचे प्रकार) नऊ, पण परभणी-नांदेडकडं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळायचं तर हत्यार पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) बघूनच निवडावं. शॉटगन, मिनीगनच्या गोळ्यांना सर्व्हर तुमचा लॅग (नेटचा उशीर) भरून देतो. रॉकेटला ती सवलत नाही. म्हणून सोल्जरला (रॉकेटवाला क्लास) 'डायरेक्ट हिट' हा लाँचर नको. रॉकेट ८० टक्के जास्त वेगानं जातं खरं, पण स्फोटाचा घेर ७० टक्के कमी; नेम जरा हुकला की वाया. साधा रॉकेट लाँचर आणि जोडीला शॉटगन बरी.

सगळ्यात सोयीचा इंजिनिअर, त्यानं बांधलेली सेंट्री (आपोआप चालणारी बंदूक) स्वतःच नेम धरते. गडबड होते ती मेटलमध्ये, म्हणजे बांधकामाच्या सामानात. सुरुवातीला मिळतं २००, सेंट्री खाते १३०, डिस्पेन्सरला (गोळ्या-हेल्थ देणारं यंत्र) लागतं १००. उरलेल्या ७० मध्ये भागत नाही. आधी मेटल देणारा अॅमो बॉक्स उचला.

मेडिकला सिरिंज गन कशाला? 'क्रुसेडर्स क्रॉसबो'चा एकच बाण लांबच्या गड्याला १५० पर्यंत हेल्थ देतो (लागला तर!). मेडी गन (गड्यांना बरं करणारी) मात्र मूळचीच ठेवा. 'क्रिट्झक्रीग' ही दुसरी मेडी गन २५ टक्के लवकर भरते, पण समोर सेंट्री असली की मूळच्या गनच्या ८ सेकंदांच्या अभेद्य कवचाशिवाय पुढं सरकता येत नाही.

स्पाय (वेष पालटून मागून मारणारा) नवख्यानं घेऊच नये.