तीस सेकंदांत वाळणारी नेलपॉलिश आणि आमच्या बचत गटाची फसवणूक

नागपुरात दिवाळीपूर्वी आणि लग्नसराईच्या तोंडावर मंगल कार्यालयांतून आणि सभागृहांतून प्रदर्शन-विक्री भरते. साड्या, इमिटेशन दागिने, लोणची-पापड यांच्याबरोबर सौंदर्यप्रसाधनांची टेबलेही तिथे मांडलेली असतात. धरमपेठ परिसरातील अशाच एका प्रदर्शनात, तीस सेकंदांत वाळणारी नेलपॉलिश म्हणून जो माल आमच्या महिला बचत गटाला विकण्यात आला, तो बनावट निघाला, आणि पुढच्या मोठ्या खोक्यासाठी आगाऊ दिलेले साडेचार हजार रुपयेही गेले. रक्कम लहान वाटेल, पण ती दर महिन्याला शंभर-शंभर रुपये बाजूला टाकणाऱ्या बायकांची होती. ज्या प्रात्यक्षिकाच्या जोरावर हा माल खपवला गेला, ते इतके पटण्याजोगे आहे की त्यामागची युक्ती माहीत नसेल तर कोणीही त्यावर विश्वास ठेवील, म्हणून ती युक्ती मी येथे सविस्तर सांगत आहे.

आमच्या गटातील काही जणी प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर या भागांत लग्नघरी आणि डोहाळजेवणाच्या कार्यक्रमांना जाऊन घरच्या घरी मॅनिक्युअर करून देतात. नवरीला तासभर स्वस्थ बसता येते, पण तिच्या आईला, काकूला, वहिनीला तेवढी उसंत नसते. नखांना रंग लावून होतो न होतो तोच स्वयंपाकघरातून हाक येते, आणि ओल्या रंगाला पदराचा किंवा भांड्याचा धक्का लागून सगळे काम वाया जाते. त्यामुळे स्वस्त आणि खरोखर लवकर वाळणारी नेलपॉलिश कोणती, हा आमच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न होता. सीताबर्डीतील आणि इतवारीतील दुकानांतून पन्नास ते दीडशे रुपयांच्या टप्प्यातील निरनिराळ्या बाटल्या आणून आम्ही त्या एकमेकींच्या नखांवर लावून पाहत होतो.

नेलपॉलिश वाळते म्हणजे काय होते, हे समजल्यावर या तुलनेला अर्थ आला. साध्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा थर धरणारा पदार्थ, त्याला चिकटपणा देणारे रेझिन, थर लवचीक ठेवणारा एखादा पदार्थ आणि रंगद्रव्ये असतात, आणि हे सारे इथाइल अ‍ॅसिटेट व ब्युटाइल अ‍ॅसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेले किंवा मिसळलेले असते. द्रावक उडून गेले की नखावर थर उरतो. इथाइल अ‍ॅसिटेटचा उत्कलनबिंदू सुमारे 77 अंश सेल्सिअस, तर ब्युटाइल अ‍ॅसिटेटचा सुमारे 126 अंश असल्याने पहिले झपाट्याने उडते आणि दुसरे रेंगाळते. लवकर वाळणाऱ्या पॉलिशमध्ये लवकर उडणाऱ्या द्रावकांचे प्रमाण वाढवलेले असते आणि रेझिनची निवडही त्यानुसार केलेली असते. मात्र वरचा थर बोटाला कोरडा लागणे आणि थर तळापर्यंत कडक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एक-दोन मिनिटांत घडू शकते. दुसरीला, विशेषतः थर जाड असेल तर, बराच अधिक वेळ लागतो. दुधावर साय धरावी तसा वर पापुद्रा धरतो आणि खाली रंग ओलाच राहतो. पंख्याखाली किंवा गरम हवेत घाई केली तर खाली अडकलेले द्रावक वर येताना बुडबुडे सोडतात, हे नागपूरच्या उन्हाळ्यात आम्ही वारंवार पाहिले आहे.

स्वस्त बाटल्यांमध्ये आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटलेला मार्ग अगदी साधा होता: नावाजलेल्या भारतीय कंपनीची लहान, पाच-सहा मिलिलिटरची बाटली घ्यावी, तिचे दोन पातळ थर मध्ये थोडा वेळ देऊन लावावेत, आणि वरून जलद वाळणारा टॉप कोट द्यावा. असा टॉप कोट खालच्या किंचित ओल्या थरात शिरून तो एकत्र घट्ट करतो. मात्र तो आकसतो, म्हणून नखाच्या टोकाच्या कडेवरही फिरवावा लागतो, नाहीतर टोकाशी रंग मागे सरकलेला दिसतो. ज्या बाटल्यांवरच लवकर वाळण्याचा दावा असतो, त्यांपैकी काही खरोखर चांगल्या निघाल्या, पण त्या बाटलीतही लवकर दाट होतात, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की तारा सुटू लागतात. प्रदर्शनात गेलो तेव्हा आमची तुलना इथवर आली होती.

त्या टेबलावर पंधरा मिलिलिटरच्या बाटल्या होत्या. छापील किंमत 399, आजच्या दिवसापुरती 99, आणि सहांचा संच घेतल्यास आणखी सवलत. नाव एका सुप्रसिद्ध परदेशी कंपनीचे, पण एक अक्षर वेगळे; ते वेगळेपण झाकण्यासाठी अक्षरांचे वळण आणि खोक्याचा रंग मात्र तंतोतंत तसाच. विक्रेता अतिशय नम्र होता. त्याने समोर उभ्या असलेल्या एका मुलीच्या नखावर एक थर दिला, छोट्या बाटलीतून एक थेंब टाकला, “हा शायनिंगचा थेंब आहे, फुकट देतो” असे म्हणाला, मनगटावरचे घड्याळ दाखवत तीस सेकंद मोजली आणि म्हणाला, “ताई, आता हात लावून बघा, काही होणार नाही.” आम्ही हात लावला. खरोखरच डाग पडला नाही, ठसा उमटला नाही, रंग चकचकीत दिसत होता.

युक्ती त्या थेंबात होती. लवकर वाळवणारे थेंब म्हणून जी वस्तू बाजारात वेगळी मिळते, तिच्यात बहुधा झटकन उडून जाणारे सिलिकॉन आणि तेल असते. ते ओल्या थरावर पसरले की पृष्ठभाग निसरडा होतो, आणि हलक्या बोटाचा ठसा उमटत नाही. थर त्यामुळे वाळत नाही. तो फक्त हलक्या स्पर्शापासून वाचतो. त्यात प्रात्यक्षिकाच्या बाटलीतील रंग अ‍ॅसिटोन घालून पातळ केलेला असावा, असे आता मला वाटते, कारण तो पाण्यासारखा ओघळत होता. अ‍ॅसिटोन सुमारे 56 अंशांनाच उकळतो, म्हणजे तो इथाइल अ‍ॅसिटेटपेक्षाही लवकर उडून जातो, आणि अगदी पातळ थर तर आधीच चटकन सुकतो. विक्रेत्याने नखावर कधीही दुसरा थर दिला नाही आणि ती मुलगी रांगेतून बाजूला झाल्यानंतर तिच्या नखाचे काय झाले, ते पाहायला तिथे कोणी थांबले नाही. अर्ध्या मिनिटात जे दिसते ते सगळे खरेच असते. फसवणूक त्यानंतरच्या वेळात असते.

आम्ही एक संच घेतला, आणि गटाकडून घाऊक मागणी असल्याचे कळताच त्याने मोठ्या खोक्याचा भाव सांगितला. अर्धी रक्कम आगाऊ यूपीआयने, उरलेली माल घरी आल्यावर, असे ठरले. हाताने लिहिलेली एक चिठ्ठी त्याने पावती म्हणून दिली. तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, दुकानाचा पत्ता नव्हता, आणि तिच्यावरील नाव व यूपीआयवर दिसणारे नाव वेगवेगळे होते. खोके कधीच आले नाही. काही दिवस “गाडी लागली आहे” असे उत्तर मिळत राहिले, नंतर फोन बंद झाला.

घरी आणलेल्या संचातील बाटल्या आणि प्रात्यक्षिकाची बाटली यांतील रंग एकच नव्हता, हे पहिल्याच थराला लक्षात आले. संचातला रंग दाट होता, ब्रशचे केस वाकडे होते, उग्र वास खोलीभर पसरत होता. वरचा भाग कोरडा लागला तरी नख दाबल्यावर कापडाची वीण त्यावर उमटत होती. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना रंग पापुद्र्यांनी सुटला आणि खालची नखे पिवळसर दिसू लागली. आमच्यातील एका काकूंच्या पापण्यांना खाज सुटून लाली आली. त्याचे कारण हीच पॉलिश होती असे मी ठामपणे म्हणत नाही, पण त्वचारोगतज्ज्ञांना ही गोष्ट चांगली परिचित आहे की नेलपॉलिशमधील रेझिनची अ‍ॅलर्जी पुष्कळदा नखांजवळ न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसते, कारण दिवसभरात आपला हात तिथे अनेकदा जातो. असे काही झाल्यास रंग काढून टाकून डॉक्टरांना दाखवणे बरे.

बाटलीवरील कागद नीट पाहिला तेव्हा उरलेले सर्व स्पष्ट झाले. भारतात सौंदर्यप्रसाधनांवर सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू आहेत. देशात बनवलेल्या मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते. आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. आमच्या खोक्यावर “इम्पोर्टेड” एवढेच लिहिले होते, आयातदार कोण ते नव्हते. किमतीची चिकटपट्टी सोलल्यावर खाली दुसरी, कमी किंमत छापलेली सापडली. आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या वैधमापन नियमांनुसार छापील किंमत चिकटपट्टीने वाढवता येत नाही. फक्त कमी करण्यासाठी ती लावता येते, आणि तीसुद्धा मूळ छापील किंमत न झाकता. म्हणजे 399 चा आकडा, ज्याच्या तुलनेत 99 रुपये स्वस्त वाटले, तोच बनावट होता.

प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांनी आपण केवळ जागा भाड्याने देतो असे सांगून हात झटकले. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, यूपीआयच्या रकमेबद्दल 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवले आणि अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी अर्ज दिला. 1930 वर जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते; आम्ही खोक्याची वाट पाहत राहिलो, त्या काळात ते पैसे त्या खात्यातून निघून गेले होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 च्या कलम 26 प्रमाणे खरेदीदारालाही शुल्क भरून आपण विकत घेतलेले प्रसाधन शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देता येते, ही माहिती आम्हाला अर्ज देताना मिळाली. तसेच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, त्यामुळे लहान रकमेसाठी तक्रार करणे परवडत नाही, हा समज बरोबर नाही.

आमचे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. परंतु हा विक्रेता एकाच सभागृहात थांबणारा नाही. दिवाळीपर्यंत महाल, सदर, मानेवाडा किंवा वर्धा-अमरावतीकडेही तो टेबल मांडू शकतो, आणि त्याची ओळख त्या फुकटच्या थेंबाने होईल. प्रात्यक्षिक पाहायचे असेल तर थेंबाशिवाय, सीलबंद बाटली समोर उघडून, दोन थर लावून मागावे, आणि पंधरा मिनिटांनी नखाने हळूच दाबून पाहावे. ज्यांनी अशा बाटल्या आधीच घेतल्या असतील त्यांनी त्या फेकून देऊ नयेत. न उघडलेली किमान एक बाटली, खोके, चिकटपट्टी, पावती आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक एकत्र ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा. एकाच मालाविषयी अनेक ठिकाणांहून अर्ज गेले, तर तपासणी होण्याची शक्यता निश्चितच वाढेल.