स्क्रीन काळी पडली: टॉर्च की टीव्ही?

लॅपटॉपचा पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण स्क्रीन अंधारी. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसट आयकॉन दिसले तर चित्र उमटतंय, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलाय. ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइटच नसतो, तिथे हा उपाय निरुपयोगी.

मला एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहणं जास्त भरवशाचं वाटतं. टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बहुधा ठणठणीत. दोष पॅनेलचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा. झाकण हलवल्यावर स्क्रीन लुकलुकते? मग आधी केबलच तपासून घ्या. टीव्हीही काळाच राहिला तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून चित्र टीव्हीवर पाठवून बघा, नाहीतर रॅम किंवा ग्राफिक्सचा संशय. हे कळल्याशिवाय नव्या स्क्रीनचे पैसे मोजू नका.