ढवळायला नव्हे, भिंगऱ्या फिरवायला घेतलेला स्टरर

अंबाल्याचा मॅग्नेटिक स्टरर, म्हणजे प्रयोगशाळेत द्रव ढवळायचं यंत्र, हीटरसकट, ऑनलाइन २,८५० रुपये. बी.एस्सी.च्या पोरांना फिरत्या चकत्यांचा खेळ दाखवायचा होता, म्हणून पदरचे घातले.

२००० साली हार्वर्डमध्ये ग्झिबॉव्स्की, स्टोन आणि व्हाइटसाइड्स यांनी द्रवावर मिलिमीटरभराच्या चुंबकी चकत्या तरंगवल्या आणि खाली चुंबक फिरवला. चकत्या गरगरता गरगरता नक्षीत बसल्या. चुंबक त्यांना मध्याकडे ओढतो, तर त्यांच्याच फिरण्याने घुसळलेला द्रव त्यांना एकमेकींपासून लांब ढकलतो. स्टररच्या पोटातही चुंबकच फिरत असतो.

थर्माकोलच्या प्लेटमधून पंचिंग मशीनने चकत्या पाडल्या, वर स्टेपलरच्या पिनेचा तुकडा. फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतो. माझ्या पहिल्या सहा चकत्या तशाच गेल्या. फेविकॉल चालतो.

चुंबक दणकट आहे, हे मान्य. तीन चकत्या टाकून वेग वाढवला तर त्रिकोण धरून फिरल्या. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, या एकमेकींना टाळतात का?" वर्षभरात त्या बाकाने विचारलेला पहिला प्रश्न.

वीस टाकल्या की खरी मजा. दोन शेजारणी एकाच दिशेने फिरतात, म्हणजे जिथे भिडतात तिथे कडा उलट्या घासतात. आत सगळी फिटंफाट. काठावरचीला मात्र बाहेरून शेजारीण नाही, त्यामुळे काठाकाठाने एकाच दिशेचा प्रवाह उरतो. शिकागोच्या गटाने २०१९ मध्ये हेमटाइट या लोहखनिजाचे अतिसूक्ष्म चौकोनी ठोकळे पाण्यात असेच फिरवले. ते एकत्र येऊन त्यांचे चक्क थेंब झाले, आणि थेंबाच्या कडेवरच्या लाटाही एकाच दिशेने धावल्या. माझ्याकडे एवढं स्वच्छ दिसत नाही, पिना मध्येच चिकटतात.

आता तक्रार. नॉब. अर्धा फिरवेपर्यंत ढिम्म, मग एकदम झटका. नेमक्या कमी वेगातच बघायचं असतं की चिकटलेल्या चकत्या सुटतात कधी! डायलवर मिनिटाला ६०० फेरे, मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये मोजले तर ४५० च्या आसपास. हीटर लावलाच नाही, त्याचे गुण देत नाही.

तीन स्टार. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, "पण ढवळतंय ना सर?"

ढवळतंय.