तान्ह्या मुलासोबत बेटावर जायचंय: अंदमान की मालदीव?

मुंबई-पुण्यातल्या नव्या आईबाबांची चर्चा बहुतेकदा या दोन नावांपाशी येऊन अडते. मध्येच कुणीतरी लक्षद्वीप सुचवतं. पण तिथे आधी परवाना काढावा लागतो आणि तिथल्या आगत्ती विमानतळावर जाणारी विमानं मोजकीच. मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत ते राहू द्या.

समुद्राचे फोटो शेजारी ठेवून काही ठरत नाही. दीड वर्षाच्या मुलाला दोन्हीकडचं पाणी सारखंच निळं. त्याला खरं जाणवतं ते ऐन झोपेच्या वेळी उचलून दुसऱ्या वाहनात बसवलेलं. म्हणून मी आधी मोजते ते घरापासून हॉटेलच्या खोलीपर्यंतचे चढ-उतार.

अंदमानला हे बरेच होतात. मुंबईहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूला विमान बदलायचं, मग पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम. त्यासाठी अनेकदा मध्यरात्री घर सोडावं लागतं. तिथून हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) जायला खासगी बोट दीड ते दोन तास घेते, सरकारी बोट त्याहून जास्त. धक्क्यावर बरंच आधी पोचायचं, सामान चढवायचं, उतरल्यावर पुन्हा गाडी. बोट बंदिस्त आणि वातानुकूलित असली तरी समुद्र खवळलेला असेल तर मुलांना आणि मोठ्यांनाही उलट्या होतात.

मालदीवला मुंबईहून थेट विमान मिळालं की साधारण तीन तासांत माले. विमानतळ स्वतःच एका बेटावर आहे, दारातून बाहेर पडलं की समोर धक्का. रिसॉर्ट माले अटोलमध्येच (मालेभोवतीच्या प्रवाळबेटांच्या कड्यात) निवडलंत तर स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासात खोली गाठता येते. एवढी एकच अट पाळा, बाकीची निवड सोपी होते. स्पीडबोट लाटांवर आपटते, म्हणून मागच्या बाजूला बसा. लांबच्या बेटांसाठी सी-प्लेन घ्यावं लागतं. ते फक्त दिवसाउजेडी उडतं. विमान दुपारी उशिरा उतरलं तर रात्र मालेतच काढावी लागते. शिवाय आत आवाज प्रचंड असतो. तान्ह्या बाळाला घेऊन मी तो पर्याय घेणार नाही.

कागदपत्रांत मात्र अंदमान सोपं. बाळाचा जन्मदाखला घ्या आणि निघा. मालदीवला तीन महिन्यांच्या बाळालाही पासपोर्ट लागतो. तो पाच वर्षं चालतो, पण फोटोत पार्श्वभूमी पांढरी आणि डोळे उघडे हवेत. बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग, आणि त्यातही अर्धी सकाळ जाते. व्हिसा भारतीयांना तिथे पोचल्यावर मोफत मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, बाळाचाही वेगळा.

पैशाचं म्हणाल तर मालदीवचं रिसॉर्ट महाग, त्यात वाद नाही. खोलीच्या दरावर कर चढतात, बोटीचे पैसे वेगळे. २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोजचा १२ डॉलर हरित कर आहे; दोन वर्षांखालच्या मुलांना तो नाही. पाण्यावरच्या खोल्यांचा मोह आवरा. काही रिसॉर्ट तिथे लहान मुलांना ठेवतच नाहीत, आणि ठेवलं तरी रांगणारं मूल आणि कठडा नसलेला सज्जा असताना तुम्ही क्षणभरही टेकणार नाही. किनाऱ्यावरची खोली घ्या. खर्च आवरायचा असेल तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्ट हाऊस मिळतात.

जेवणात अंदमान पुढे. बंगाली, तमिळ कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मऊ भात, पातळ डाळ, उकडलेला बटाटा सांगितला की कुठेही करून देतात. मालदीवच्या मोठ्या रिसॉर्टच्या बुफेत वरण-भाताची सोय बहुधा होते, गेस्ट हाऊसमध्ये आधी विचारून घ्या. दोन्हीकडे नाचणीसत्त्व, छोटी किटली आणि पुरेसे डायपर घरूनच न्या. बेटावरच्या दुकानात तुमच्या मापाचे असतीलच असं नाही.

किनारा पाहिला तर पावलं टाकू लागलेल्या मुलाला मालदीवचं उथळ, लाटा नसलेलं लगून (प्रवाळाने अडवलेलं पाणी) फार मानवतं. पण प्रत्येक बेटाचं तसं नसतं. काही ठिकाणी प्रवाळाची भिंत किनाऱ्यालगतच खोल उतरते, तेव्हा रिसॉर्टला थेट विचारा. अंदमानात हॅवलॉकचा राधानगर किनारा देखणा, पण तिथे लाटा असतात. नील बेटाच्या (आता शहीद द्वीप) भरतपूर किनाऱ्याचं पाणी उथळ आहे. ओहोटीला खडक आणि प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात, त्यामुळे मुलाच्या पायात पाण्यातले बूट हवेतच. मगरीच्या सूचना लावल्या असतील तर आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ नका. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, तेव्हा लांब बाह्यांचे कपडे घाला. बारातांगची सहल सोडूनच द्या: पहाटे उठून जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्यांच्या ताफ्यात जायचं, सगळा दिवस त्यातच जातो. त्यापेक्षा रॉस बेटावर हरणं आणि मोर बघायला न्या, मुलं तिथे रमतात.

दुखणं-खुपणं दोन्हीकडे अवघड. पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत रुग्णालय, मालेत इंदिरा गांधी स्मारक रुग्णालय. लहान बेटांवरून रात्री तिथे पोचणं सोपं नाही. तापाच्या औषधाचा वजनानुसार डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनपेक्षा सावली आणि सुती कपडे बरे.

माझं मत स्पष्ट आहे. मूल दोन वर्षांखालचं, सुट्टी चार-पाच दिवसांची आणि पैशाची तयारी असेल, तर माले अटोलमधलं बेट घ्या आणि तिथून हलू नका. मूल तीनच्या आसपास आणि सोबत आजी-आजोबा असतील, तर अंदमान. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहायची त्यांची इच्छा असतेच, आणि नातवंडाला सांभाळायला दोन हात जास्त मिळतात. हिवाळ्यात तिथे पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, म्हणून मुलाचं जेवण-झोप तासभर अलीकडे आणा. जानेवारी ते एप्रिल हा काळ दोन्हीकडे चांगला. फक्त अंदमानला परतीच्या आधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.